अकरा किलो

बेळगावच्या मॉलात सुदीपनं मला
नवा फायटिंगचा पिक्चर दाखवला.
पहिल्या दहा मिनिटांत एक पूल पडला,
मग एक विमान, मग दुसरा पूल,
हिरो त्या सगळ्यातनं चालत बाहेर आला
भांगसुद्धा न मोडता.
मी मोजत होतो. सत्तावीस गाड्या उडाल्या.
अठ्ठाविसाव्या गाडीला माझा डोळा लागला.

"काका, झोपलास? एवढ्या आवाजात?"

आवाजातच झोप येते रे.
तंबाखूच्या वखारीत दिवसभर चाळण्या चालायच्या,
आम्ही बायकांची पोरं पोत्यांवर गाढ.
चाळणी थांबली, की सगळी जागी.

परत येताना, हत्तरगीचा टोल गेल्यावर, म्हणाला,
"मग तुमच्या वेळी काय भारी होतं?"

भारी काही नव्हतं.
एक प्रिंट, दोन गावं.
संकेश्वरात सहाचा खेळ, निपाणीत साडेसातचा.
तिकडं रीळ उतरलं, की पेटीत,
पेटी राजदूतच्या कॅरिअरला, ट्यूबच्या रबरानं करकचून,
आणि मी सुटायचा.
शेवटच्या मारामारीची दोन रिळं, पेटीसकट अकरा किलो.
पिक्चर कधी सलग बघितला नाही,
पण कुठला सीन किती जड, ते पाठीला माहीत.
गाण्याची रिळंही तेवढीच भरायची म्हणा,
घाटात मात्र हलकी वाटायची.

हिरो साधाच. मार खायचा,
आणि खाल्ल्यावर त्याला दम लागायचा.
विहिरीच्या काठावर एकदा त्याची चप्पल निसटली,
पाण्यात पडल्याचा आवाज यायला वेळ लागला,
तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या माणसाची विडी
तोंडात तशीच विझली.
कल्लाप्पा ओरडायचा, "होडी, होडी!"
मागनं गोदाक्का, "हाण की मुडद्या!"
ठोसा एकच पडायचा.
बाहेर दुकानांच्या पाट्यांवरनं दगड चालायचे त्या साली.

व्हिलन कुठं उभा, दार कुठं, विहीर कुठं,
डोळे मिटून सांगता यायचं.
आज कोण कुणाला मारत होतं, सांग बघू?

सुदीप गप्प. एक उसाचा ट्रॅक्टर मागं टाकला.

मग मी त्याला त्या रात्रीचं सांगितलं.
तवंदी घाटाच्या तोंडाला राजदूतची चेन तुटली,
तुटून चाकात अडकली. चाक हलेना.
तिकडं निपाणीत आधीचं रीळ संपलेलं,
हिरो कड्याला लोंबकळतोय, चार बोटांवर,
आणि त्याचं पुढचं सगळं
माझ्यापाशी, पत्र्याच्या पेटीत.
दस्तगीरमामानं स्लाइड लावली: शांतता राखा.
राखायला सांगायची गरजच नव्हती.
सहाशे माणसं पांढऱ्या पडद्याकडं बघत बसलेली,
मुतायलासुद्धा कुणी उठलं नाही.
पडद्यावर काहीच नव्हतं,
असा पिक्चर त्यांनी जन्मात बघितला नसेल.

इकडं मी पेटी डोक्यावर घेऊन पळतोय.
एका पायात वहाण, एका पायात नाही.
अंधार असा, की रस्ता तळव्यानं शोधायचा.
आणि चौथ्या वळणावर
खालनं दोन दिवे वर आले,
ट्रक, माझ्याच अंगानं,
एका बाजूला दरड, एका बाजूला

"एका बाजूला काय?"
सुदीपनं गाणी बंद केली.
गाडी घाटात शिरली होती.
त्यानं वेग तीसवर आणला, मग वीसवर.
"काका, एका बाजूला काय?"

मी काच खाली घेतली,
तंबाखूचा वास लागतोय का बघायला.
अजून लागत नव्हता.

"मग पोचलास का नाही?"

वळण आलं.
मी तिकडं बघितलंच नाही, त्याच्या हातांकडं बघितलं.
स्टिअरिंगवर दहाही बोटं,
पांढरी पडलेली.